गल्लीतला उतार

आमच्या घरात सकाळ व्हायची ती मोटरच्या आवाजानं. पुढच्या खोलीत अण्णांची पिठाची गिरणी आणि मागच्या खोल्यांत आम्ही. आधी पट्ट्याची फटफट ऐकू यायची, मग दगडांची घरघर सुरू व्हायची, आणि मग घरातलं सगळं बोलणं आपोआप वरच्या पट्टीत जायचं. आई चुलीपासून ओरडून विचारायची, "चुरमुऱ्याचा सुशीला करू का धपाटे?" आणि अण्णा गिरणीतून ओरडायचे, "दोनीबी कर!" गिरणीवाल्यांच्या घरातली माणसं मोठ्यानं बोलतात, ती पुढं कुठंही गेली तरी तशीच राहतात. आता मी बीडला राहते, घरात आवाज करणारं असं काही नाही, तरी मी फोनवर बोलायला लागले की समोरच्या बाई दार किलकिलं करून बघतात. त्यांना वाटतं, भांडण लागलं.

पीठ घरात सगळीकडं असायचं. देवाच्या फोटोवर, रेडिओवर, अण्णांच्या भुवयांवर. माझा धाकटा भाऊ बाळू शाळेत जाताना केस झटकायचा तेव्हा धुकं उडाल्यासारखं व्हायचं. दळण संपल्यावर दगडाच्या कडेला जे पीठ उरायचं ते आई कुंच्यानं गोळा करायची. त्यात याची ज्वारी, त्याचे गहू, कुणाची हरभऱ्याची डाळ, कुणाची बाजरी, सगळं आलेलं असायचं. त्या पिठात लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून आई धपाटे करायची. तसले धपाटे मी नंतर कुठंच खाल्ले नाहीत. घरी करून बघितले, पण मापानं घेतलेल्या पिठांना ती चव येत नाही.

माझी जागा गिरणीत वजनकाट्याशी होती. मी अगदी लहान असताना तापात माझे दोन्ही पाय गेले. ती हकिकत आई पुष्कळांना सांगायची, मला तिच्यातलं काही आठवत नाही, म्हणून इथं लिहीत नाही. मला आठवतं ते काट्यापासूनचं. बायका डब्यात, पोत्यात धान्य घेऊन यायच्या, मी वजन करायचे, आणि त्या आपला नंबर येईपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसायच्या. तो ओटा दगडी आणि चांगला लांबरुंद होता, गल्लीच्या निम्म्या रुंदीपर्यंत आलेला. माझ्या आजोबांनी बांधलेला. गावात कुणाची सोयरीक जुळली, कुणाच्या शेळीला काय झालं, ऊसतोडीची कोणती टोळी कुठल्या कारखान्याला चालली, हे सगळं त्या ओट्यावर आधी कळायचं आणि खिडकीतून माझ्या कानावर यायचं. गावात मी फारशी फिरले नव्हते, पण गाव मला तोंडपाठ होतं.

गाव तसं बालाघाटाच्या कडेवरचं. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान. सामानसुमानाला धारूर, मोठ्या कामाला परळी. आमची गल्ली डोंगराकडून खाली बाजाराच्या रस्त्याला उतरायची, आणि आमचं घर तिच्या खालच्या टोकाशी. दुसऱ्या टोकाला माळ आणि सीताफळीचं रान, तिकडून वाट नव्हती. म्हणजे बाहेर जायचं तर खालूनच.

दहावीपर्यंत मी गाव बघितलं ते अण्णांच्या पाठीवरून. सकाळी गिरणी सुरू करण्याआधी ते मला शाळेत सोडायचे, दुपारी गिरणी बंद ठेवून घ्यायला यायचे. लहानपणी मला त्याचा अभिमान होता. सगळ्यांपेक्षा उंच मी, बाजारातल्या झेंडूच्या माळा डोक्याला लागायच्या. पण पुढं पुढं ते अवघड व्हायला लागलं. ओढणी सावरावी का अण्णांचा गळा धरावा, हे कळायचं नाही. बाजारात टपरीवर माझ्या वर्गातली पोरं उभी असायची. ती बिचारी काही बोलायची नाहीत, उलट दुसरीकडं बघायची, आणि तेच मला जास्त लागायचं. शिवाय शाळेत पोहोचल्यावर माझ्या निळ्या ड्रेसवर पुढच्या बाजूनं अण्णांच्या पाठीचं पीठ उमटलेलं असायचं. दिवसभर मी ते झटकत राहायचे.

दहावीच्या सुट्टीत एका शिबिरात मला तीनचाकी सायकल मिळाली. हातानं पायडल फिरवायची, मागं दोन चाकं, पुढं एक. टेम्पोतून ती आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. बाजाराच्या रस्त्याला आमच्या गल्लीच्या तोंडासमोरच रहीमभाईंचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी बरी हाय. पर ब्रेक सपाट गावाचा बसवलाय. आपलं गाव उताराचं. आधी ब्रेक, मग बाकीचं." दिवसभर खटपट करून त्यांनी दोन्ही मागच्या चाकांना ब्रेक बसवले. त्यांची मुलगी शबाना माझ्याच वर्गातली. दहावीपर्यंत आम्ही नुसत्या ओळखीच्या होतो, सायकल आली आणि मैत्रिणी झालो, कारण गल्लीचा चढ मला एकटीला चढवायचा नाही, मागून ढकलायला कुणीतरी लागायचं, आणि ते काम शबानानं न विचारता घेऊन टाकलं. ती ढकलताना एकसारखी बोलायची. दम लागला तरी बोलायची.

त्या उन्हाळ्यात मी किती फिरले त्याला हिशेब नाही. गल्ली मातीची, मधूनमधून दगड वर आलेले, सायकल अशी आदळायची की दात वाजायचे. पण चाक जात होतं. मी पहिल्यांदा स्वतः भाजी आणली. पहिल्यांदा पोस्टात गेले, काही काम नसताना. पुढं बसस्टँडच्या पलीकडच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं, आणि आम्ही दोघी रोज जायला लागलो. अण्णा गिरणीच्या दारात उभे राहून मी वळेपर्यंत बघायचे. मला वाटायचं, कौतुकानं बघतात.

पावसाळा सरत आला आणि गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाल्याची बातमी ओट्यावर आली. सगळ्यात जास्त आनंद मला. दात वाजायचे थांबणार होते! गुत्तेदार, म्हणजे रस्त्याचा कंत्राटदार, आला, खडी पडली, दोन्ही बाजूंना नाल्या झाल्या, त्यांच्यावर फरशा बसल्या. वरून खाली काम सरकत आलं. मी काट्याशी बसून रोज बघत होते. आमच्या दारापर्यंत रस्ता आला तेव्हा तो इतका गुळगुळीत होता की बाळूनं त्यावर गोट्यांचा डाव मांडला. मग आमच्या घरापासून बाजाराच्या रस्त्यापर्यंतचा शेवटचा तुकडा राहिला. तो जरा जास्त उताराचा. कॉलेजातून आम्ही परत आलो तेव्हा त्या तुकड्यावर फळ्या ठोकलेल्या होत्या आणि गवंडी गल्लीच्या पूर्ण रुंदीत पायऱ्या बांधत होते.

शबाना म्हणाली, "हे काय करायलेत?"

गुत्तेदार खुशीत होता. "पायऱ्या! देवळासारख्या दिसतील बघ. पानी बी जोरात येणार न्हाई, आन जीपगाड्याबी गल्लीत घुसणार न्हाईत."

"आन ही कशी जाणार?" शबानानं माझ्याकडं बोट केलं.

गुत्तेदारानं माझ्याकडं, मग सायकलीकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं, एवढंच. "अण्णा हायेत की," तो म्हणाला.

आणि अण्णा होतेच. त्या संध्याकाळी त्यांनी मला रहीमभाईंच्या दुकानातून उचललं, पायऱ्या चढून घरी आणलं, आणि सायकल खाली दुकानातच राहिली. दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. सकाळी अण्णा मला खाली सायकलीपर्यंत सोडायचे, दुपारी तिथून घेऊन यायचे. ते अजिबात चिडले नाहीत. खरं सांगायचं तर जरा खूशच दिसले. "मी हाय ना," असं ते आईला म्हणाले. गल्लीतल्या लोकांनाही पायऱ्या आवडल्या होत्या. नव्या सिमेंटवर पोरं ऐटीत बसायची. मला मात्र वाटायचं, घराला कुणी बाहेरून कडी घातलीय.

शबानाला राग गिळता येत नसे. तिनं मला सरळ पंचायतीच्या कचेरीवर नेलं. तिथं पोहोचलो आणि दोघींना हसू आलं, कारण कचेरीलाही पायऱ्याच होत्या. आतून शिपाई म्हणाला, "आत या." शबाना म्हणाली, "आत येता आलं असतं तर इथं आलोच नसतो. तात्यांना बाहेर पाठवा." मी सायकलची घंटी वाजवत राहिले. शेवटी सरपंच तात्या चहाची बशी हातात घेऊन बाहेर आले. माणूस तसा हसरा, गोरगरिबांच्या लग्नकार्याला उभा राहणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तुझं खरं हाय. पर नवाकोरा रस्ता एका गाडीसाठी फोडायचा का? लोक काय म्हणतील मला? अण्णा उचलतोच की तुला."

शबानानं सायकल वळवली. आम्ही परत रहीमभाईंच्या दुकानात आलो आणि मी अण्णांची वाट बघत बसले. दुकानाच्या समोरच त्या पायऱ्या. करायला काही नव्हतं म्हणून मी बघत राहिले. दूधवाला आला, खाली उतरला, त्यानं कॅन लावलेली सायकल खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, गुत्तेदाराच्या नावानं एक शिवी हासडली आणि कॅन सोडवून एकेक करून वर नेले. रॉकेलचा गाडा आला तो खालीच थांबला, आणि सगळ्या बायका डबे घेऊन खाली उतरल्या. एक हातगाडा ज्वारीची पोती घेऊन गिरणीला आलेला. ऊसतोडीला जाणारी माणसं जायच्या आधी भरपूर पीठ दळून नेतात, त्यामुळं ते दिवस गिरणीच्या गर्दीचे. गाडीवाल्यानं पायऱ्यांकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि पोती डोक्यावर घ्यायला बाया बोलावल्या. तोपर्यंत मला वाटत होतं की अडलेली मी एकटीच आहे. मी शबानाला म्हणाले, "बघ की. हे सगळे रोज अडायलेत. फकत ते बोलत न्हाईत."

शबानानं बघितलं. मग तिनं मांडीवर थाप मारली. "तात्याला एक गाडी दिसती का? दाखवू त्याला!"

रस्त्याचं उद्घाटन त्याच आठवड्यात होतं. मला काही वेगळं करायचं नव्हतं, मी काट्याशी बसले होते आणि सगळं गाव दळण घेऊन माझ्यासमोर येत होतं. वजन करता करता मी प्रत्येकीला सांगायचे, "मावशी, उद्घाटनाला या. आन चाकाची काय वस्तू घरात असंल ती घेऊन या." पहिल्यांदा बायका हसल्या. आमच्या शेजारच्या धुरपतामावशी म्हणाल्या, "चाकाचं माझ्याकडं काय असणार गं, माय? नातवाचा पांगुळगाडा हाय." मी म्हणाले, "तोच आणा." खाली दुकानात शबाना येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला तेच सांगत होती. अण्णांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण गिरणीत बसून अण्णांपासून काही लपवायचं म्हणजे अवघडच. त्यांनी ऐकलं असणार.

उद्घाटनाच्या दिवशी वरच्या पायरीवर लाल फीत बांधलेली, हलगीवाले तयार, तात्या कडक इस्त्रीच्या कपड्यात बाजाराच्या बाजूनं चालत आले. आणि पायऱ्यांपाशी येऊन थांबले, कारण पुढं जायला जागाच नव्हती. सगळ्यात पुढं माझी सायकल. तिच्यामागं दूधवाला, रॉकेलचा गाडा, सीताफळांचे हातगाडे, पोत्यांचा हातगाडा, रहीमभाईंच्या दुकानातल्या दुरुस्तीला आलेल्या सगळ्या सायकली, तोडीला निघालेल्या एका कुटुंबाची अख्खी बैलगाडी बैलांसकट, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून धुरपतामावशी, पुढ्यात पांगुळगाडा आणि पांगुळगाड्याला धरून उभा राहिलेला त्यांचा नातू. हलगीवाल्यांना वाटलं, हेच उद्घाटन. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तात्या माझ्याजवळ आले. "काय गं हे?"

गिरणीच्या घरातला आवाज ऐन वेळी कामाला येतो. मी म्हणाले, "तात्या, तुमी म्हणलात एका गाडीसाठी रस्ता कसा फोडू. म्हणून बाकीच्या गाड्याबी घेऊन आले. आमाला समद्यांना उद्घाटनाला वर यायचंय. कसं यावं ते सांगा."

मग बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली, धुरपतामावशींचा नातू घाबरून रडायला लागला, आणि तात्यांना हसू फुटलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला पण पोट हलायला लागलं. सगळी गल्ली हसली. तात्यांनी गुत्तेदाराला हाक मारली. "अरे, ह्यांना वर यायचा रस्ता करून दे बाबा. फीत मग कापू." फीत कित्येक दिवस तिथंच लोंबत राहिली. शेवटी धुरपतामावशींनी ती सोडून शेळीच्या गळ्यात बांधली.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण गुत्तेदाराला वैताग आला होता. त्यानं दुसऱ्याच दिवशी पायऱ्यांच्या एका बाजूला सिमेंट ओतून उतार करून टाकला. आमच्या ओट्याच्या टोकापासून थेट खाली. उतार कसला, शेंगा पाखडायचं सूप तिरकं धरावं तसा. गावाला पहिली घसरगुंडी मिळाली. पोरं बारदान घेऊन रांगेत उभी राहायला लागली. रहीमभाई म्हणाले, "बेटा, ह्याच्यावरून जाऊ नको." पण मी एवढा दंगा करून मिळवलेला उतार, त्यावरून न जाऊन कसं चालेल? पोरांनी रिकामी सायकल पायऱ्यांवरून उचलून वर आणली, मी तिच्यावर बसले, दोन्ही ब्रेक दाबले आणि सुटले. ब्रेक किंचाळले. मी किंचाळले. शबाना मागून पळत किंचाळली. बाजाराचा रस्ता कसा ओलांडला ते कळलं नाही, आणि समोरच्या सीताफळांच्या ढिगात पुढचं चाक रुतलं तेव्हा मी थांबले. सीताफळं विकणारी बाई शांतपणे म्हणाली, "बया, भाव तरी इचारून यायचं." मला खरचटलंसुद्धा नव्हतं. फुटलेली सीताफळं सगळ्यांनी तिथंच बसून खाल्ली. त्या बाईनं स्वतः जास्त खाल्ली. परतीला मात्र शबाना, रहीमभाई आणि दूधवाला तिघांनी मिळूनसुद्धा मी वर चढेना.

अजूनही हे बघते. नव्या इमारतींना उतार करायचा नियम आहे म्हणून करतात, आणि असा करतात की त्यावरून पाणीच जावं. परवा एका कचेरीत गेले तर उतारावर दोन मोटरसायकली लावलेल्या आणि वर तुळशीची कुंडी. मी तिथल्या माणसाला म्हणाले, "जरा ह्यावरून चालून दाखवता का?" तो चालला, अर्ध्यात घसरला, कठडा धरला आणि ओशाळून हसला. मग त्यानं स्वतःच मोटरसायकली काढायला लावल्या. भांडणापेक्षा हे बरं पडतं, असा माझा अनुभव आहे.

तर तात्यांनी तालुक्याहून ओव्हरसियर बोलावला. तरुण पोरगा होता, त्यानं दोरी धरून बघितलं आणि म्हणाला की उतार सोपा करायचा तर तो लांब पाहिजे, म्हणजे वरून, पार गिरणीच्या दारापासून सुरू करायला हवा. आणि तिथं हा ओटा आहे. सगळ्यांनी ओट्याकडं बघितलं. ओट्यावर बसलेल्या बायकांनी खाली बघितलं. मग सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं.

"ओटा निघणार न्हाई," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी मोटर चालू केली. दगडात धान्य नव्हतं. रिकामे दगड एकमेकांवर घासताना जो आवाज येतो तो फार वाईट असतो.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा आई भाकरी थापत होती, तेवढाच आवाज. मला वाटत होतं, ओटा आजोबांचा आहे म्हणून अण्णांना वाईट वाटतंय. ते वाटणं साहजिक होतं आणि मी गप्प बसायचं ठरवलं होतं. पण अण्णा स्वतःच म्हणाले, "मी उचलतो की तुला. आजवर कधी पाडलं का?"

"न्हाई अण्णा. कधीच न्हाई पाडलं."

"मग कावून, कशापायी पाहिजे तुला उतार?"

मी कालवणात भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, मला वाटंत थांबावं वाटतं. कुनाशी बोलावं वाटतं. तुमच्या पाठीवर असले की तुमी थांबाल तिथं मी थांबते. तुमी बोलाल त्याच्याशी मी बोलते."

अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला. म्हणाले, "तू गाडीवर गेलीस ना, की माझं दळणात ध्यान लागत न्हाई. कुनाचे गहू कुनाच्या डब्यात पडतेत. लई उतार हाय बाई. लई गाड्या हायेत." त्यांच्या भुवयांवर पीठ होतं आणि त्याखाली डोळे भरून आले होते. मी अण्णांना तसं कधी बघितलं नव्हतं. मी वळेपर्यंत ते दारात कशाला उभे राहत होते, ते मला त्या वेळी कळलं.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "जन्मभर पाठीवरच न्यायचीय का तिला? नोकरीला लागली तर हापिसातबी तुमीच नेऊन ठेवणार का टेबलावर?" बाळूला ठसका लागला. मला हसू आलं. अण्णांना यायला जरा वेळ लागला, पण आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर लागली नाही. मला जाग आली ती ठोक्यांनी. खिडकीतून बघितलं तर अण्णा बनियनवर, हातात घण घेऊन ओट्यावर उभे. पहिला दगड निघायला बराच वेळ लागला. आजोबांनी काम पक्कं केलं होतं. दगड निघाला तेव्हा अण्णांनी त्यावर हात फिरवला आणि बाजूला ठेवला. मग रहीमभाई पहार घेऊन आले. मग दळणाला आलेल्या बायकांनी डबे खाली ठेवले आणि दगड उचलायला लागल्या. धुरपतामावशी कुरकुरत होत्या, "आता आमी बसायचं कुठं?" त्याला उत्तर गवंड्यानं काढलं. ओट्याच्याच दगडांचा त्यानं उताराच्या कडेनं बुटका कठडा बांधला, चाक खाली जाऊ नये म्हणून. बायका तेव्हापासून त्यावर बसायला लागल्या. मधल्या दिवसांत अण्णा ओल्या सिमेंटवर भिजवलेलं बारदान घालायचे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे, पोरं आली की काठी घेऊन धावायचे. चाक घसरू नये म्हणून ओलं असतानाच त्यावर आडव्या रेघा मारून घेतल्या होत्या, त्याही अण्णांनी उभं राहून.

उतार वाळला त्या दिवशी अण्णांनी सायकल खालून स्वतः ढकलत वर आणली. मी बसले. त्यांचा हात सवयीनं मागच्या दांडीवर गेला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. "जा," म्हणाले. मी निघाले. चाकं रेघांवरून टकटक करत चालली, ब्रेक नुसते टेकवावे लागत होते. अर्ध्या वाटेत मी थांबले. कारण काही नव्हतं. कठड्यावर धुरपतामावशी बसल्या होत्या, त्यांना विचारलं, "काय मावशी, बरं हाय का?" त्या म्हणाल्या, "बरं हाय माय. कालिजाला चाललीस?" मी म्हणाले, "हां." मग पुढं निघाले. मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर अण्णा पळत आले असते.

कॉलेज सुटल्यावर शबाना म्हणाली, "फाट्यावर लिंबूसोडा प्यायचा का?" फाटा गावाबाहेर होता. मी तिथं कधी गेले नव्हते. आम्ही गेलो. सोडा इतका जोरात नाकात गेला की डोळ्यांत पाणी आलं. तोडीला निघालेले ट्रॅक्टर रांगेनं जात होते, भांड्याकुंड्यांवर, पिठाच्या पोत्यांवर बसलेली बायापोरं. त्यातल्या पुष्कळ जणींच्या पोत्यांचं वजन मीच केलं होतं. एकीनं मला ओळखलं आणि ओरडली, "मंदे! हितं काय करायलीस गं?" मी ओरडले, "फिरायला आले!" शबाना सोडेवाल्याशी कशावरून तरी वाद घालत होती. ऊन उतरलं, डोंगर निळा झाला, तरी आमचं बोलणं संपेना. परत आलो तेव्हा बाजारात दिवे लागले होते. शबाना दुकानापाशी थांबली आणि मी एकटीनं पायडल फिरवत उतार चढायला लागले. दंड भरून आले, मध्ये एकदा कठड्याला टेकून दम घेतला, पण चढले.

दारात आई उभी होती. पदर खोचलेला, हाताला भाकरीचं पीठ. "ही काय घरी यायची येळ झाली? कुठं गेलतीस? सांगून जायला काय झालतं? वयात आलेली पोरगी, दिवेलागण झाली तरी पत्ता न्हाई! त्या बाळ्याला बोलून बोलून मी थकले, आता तूबी सुरू झालीस का?"

बाळूला असं रोज बोलणं बसायचं. मला कधी बसलं नव्हतं. बसणार कसं, मला उशीर व्हायला मी जाणार कुठं? आईमागं अण्णा कुणाचा तरी डबा हातात घेऊन नुसते उभे होते, त्यात गहू होते का ज्वारी, ते त्यांनाही माहीत नसावं. मी सायकलवर बसून आईकडं बघत राहिले. मला हसू आवरेना, आणि मी हसते म्हणून आई आणखी चिडत गेली.

"दात काय काढायलीस? मी काय गंमत सांगायले का?"

"न्हाई," मी म्हणाले. "बोल की आई. अजून बोल."